आदरार्थी अनुस्वार

फळ्यावर 'मा. महोदय' असे लिहून सरांनी पुढे स्वल्पविराम द्यायला खडू टेकवला, तेवढ्यात वर्गाचे दार धाडकन उघडले आणि वेल्डिंगचे सर आत आले. वेल्डिंगच्या सरांना दार हळू उघडता येत नसे. दिवसभर यंत्रांच्या घरघरीत उभे राहून त्यांना सगळे जगच थोडे बहिरे वाटत असावे.

"अनुस्वार, खडू ठेवा खाली. वर चला."

"स्वल्पविराम राहिलाय हो."

"मरू दे तो स्वल्पविराम! वर आपल्या सगळ्यांचा पूर्णविराम व्हायची वेळ आलीय."

वर्गातली तीस मुले एकदम खूश झाली. ती सगळी पुढेमागे वेल्डर होणार होती, आणि रजेचा अर्ज कसा लिहावा हे शिकण्यापेक्षा रजा मिळणे त्यांना केव्हाही पसंत होते. सरांनी तरी स्वल्पविराम दिलाच. मग खडूचा हात पँटला पुसत ते निघाले.

अख्खी संस्था त्यांना अनुस्वार म्हणत असे. मूर्ती लहान, गोल, आणि कुणाच्याही लिहिण्याच्या डोक्यावर जाऊन बसण्याची सवय. सूचना फलकावरची सूचना असो की उपाहारगृहातली दरपाटी, खिशातल्या हिरव्या पेनाने ते एखादा तरी ठिपका देऊनच पुढे जात. इतके करूनही आपण दिलेला ठिपका बरोबर होता की नाही, या शंकेने ते अर्ध्या जिन्यावरून परत फिरत. एकोणीस वर्षे ते या व्यवसाय-शिक्षणाच्या महाविद्यालयात भाषा शिकवत होते. हुद्दा तासिका-शिक्षक. तासिका-शिक्षकाची नेमणूक एका सत्रापुरती होते, आणि सत्राच्या शेवटच्या दिवशी ती आपोआप संपते. म्हणजे सरांची नोकरी आजवर अडतीस वेळा लागली होती आणि सदतीस वेळा गेली होती.

असे तासिका-शिक्षक संस्थेत नऊ होते. शिक्षक-कक्षात त्या नऊ जणांना मिळून चार खुर्च्या होत्या. कायम शिक्षकांच्या खुर्च्यांच्या पाठीवर पांढऱ्या रंगात नावे होती, त्यामुळे त्या रिकाम्या असल्या तरी रिकाम्या नसत. नर्सिंगच्या बाई खिडकीच्या कठड्यावर बसून डबा खात. वेल्डिंगच्या सरांनी लोखंडाचे एक स्टूल स्वतः जोडून आणले होते. ते 'परवानगीशिवाय आणलेली वस्तू' म्हणून भांडारात जमा झाले होते.

जिना चढता चढता वेल्डिंगच्या सरांनी भानगड सांगितली. ते स्वतः चौदा वर्षे तासिका-शिक्षक होते आणि कर्मचारी संघटनेचे चिटणीसही. चौदा महिने बैठका होऊन, दोनदा टेबल आपटून आणि एकदा टेबलावरची काच फोडून संघटनेने संस्थेशी सामूहिक करार केला होता. एक्केचाळीस कलमे. गेल्या आठवड्यात सह्या झाल्या, फोटो निघाला. आणि आज रजिस्ट्रार म्हणत होते की कलम चौदाचा अर्थ तुम्हाला वाटतो तो नाही.

"अहो, कलम तुम्हीच बघा. लहान पोरालासुद्धा कळेल."

रजिस्ट्रारांच्या टेबलावर करार उघडाच होता. सरांनी चष्मा वर सरकवून वाचले.

'संस्थेतील ज्येष्ठ तासिका-शिक्षकांस सेवेत कायम करण्यात येईल.'

"शिक्षकांस!" वेल्डिंगचे सर गरजले. "डोक्यावर ठिपका आहे. ठिपका म्हणजे अनेक. आम्ही नऊच्या नऊ."

"ओरडू नका. ठिपका मलाही दिसतो," रजिस्ट्रार म्हणाले. रजिस्ट्रार सडपातळ, इस्त्रीतले गृहस्थ होते. बोलताना ते टेबलावरचा पेपरवेट काटकोनात ठेवल्यासारखा सरळ करत, जरी तो गोल होता. "पण ठिपका नेहमी अनेकांचा असतो का? 'मुख्यमंत्र्यांस निवेदन दिले' म्हणजे काय चार मुख्यमंत्री झाले? तो आदराचा ठिपका आहे. संस्थेतला ज्येष्ठ शिक्षक, म्हणजे सर्वांत ज्येष्ठ, एकच. आम्ही त्यांचा उल्लेख आदराने केला, हा आमचा गुन्हा झाला का?"

"बैठकीत वाचून दाखवलं तेव्हा का नाही बोललात?"

"वाचताना शिक्षकास काय आणि शिक्षकांस काय, कानाला सारखंच लागतं. तुम्ही तुमचं ऐकलंत, आम्ही आमचं."

हे मात्र खरे होते.

"मग वाचा कलम एक्केचाळीस," रजिस्ट्रार शांतपणे म्हणाले. "'मजकुराच्या अर्थाबाबत मतभेद झाल्यास संस्थेतील भाषा-शिक्षकाचे मत अंतिम राहील.' वकील नको म्हणून तुम्हीच आग्रह धरला होता. परवा अध्यक्ष येतायत. त्यांच्यासमोर सर काय ते सांगतील."

दोघांनीही सरांकडे पाहिले. संस्थेत भाषेचे शिक्षक एकच होते, आणि ते खडूचा हात पुन्हा पँटला पुसत होते.

वेल्डिंगच्या सरांना दाराबाहेर घालवून रजिस्ट्रारांनी दार लोटले. "बसा ना, सर," ते म्हणाले. एकोणीस वर्षांत त्या खोलीत सरांना 'बसा' असे कुणी म्हटले नव्हते. ते खुर्चीच्या कडेवर, निम्मे अंग हवेत ठेवून बसले.

"सर्वांत ज्येष्ठ तासिका-शिक्षक कोण, ठाऊक आहे ना?"

"नर्सिंगच्या बाई का?"

"त्या अकरा वर्षं. अहो, तुम्ही! ठिपका आदराचा ठरला की तुम्ही कायम. आता पुढचं नीट ऐका. कलम पंधरा. कायम व्हायला आठवड्याला सोळा तासिका हव्यात. तुमच्या भाषेच्या नऊ. एकट्या माणसाचा प्रश्न असेल तर मी ग्रंथालयाच्या सात तासिका तुमच्या नावावर लावतो, झाले सोळा. पण नऊ जणांचं लफडं माझ्या गळ्यात पडलं, तर मी कुणालाच एक तासिका वाढवून देणार नाही. बाकी आठांकडे सोळा आहेत, ते आत जातील. तुम्ही राहाल बाहेर." त्यांनी पेपरवेट सरळ केला. "बघा बुवा. मी काही दडपण आणत नाही. व्याकरणाचा प्रश्न आहे, तुमचा प्रांत."

सर उठले. दारातून परत फिरले.

"सूचना फलकावर 'विद्यार्थीनी' लिहिलंय. 'थि' ऱ्हस्व हवा," ते म्हणाले, आणि गेले.

पण फलकावरून जाताना त्यांनी हिरवे पेन काढले नाही, आणि त्याचे कारण निराळेच होते. तो ठिपका कुणी दिला, हे त्यांना पक्के माहीत होते.

सह्यांच्या आधी कराराची कच्ची प्रत शुद्धलेखनासाठी त्यांच्याकडेच आली होती. त्यांनी हिरव्या पेनाने एकशे त्रेसष्ट दुरुस्त्या केल्या. कलम चौदात चक्क 'शिक्षकास' होते. तो कोण ज्येष्ठ शिक्षक, याचा विचार त्यांच्या मनाला शिवला नव्हता. कुणीतरी वयाने, अनुभवाने मोठा मनुष्य असेल आणि त्याचा असा एकेरी उल्लेख, हे त्यांना बरे दिसले नाही. म्हणून त्यांनी 'का'वर ठिपका दिला. आणि सवयीने समासात कारणही लिहिले: 'आ. ब. व.', म्हणजे आदरार्थी बहुवचन.

म्हणजे रजिस्ट्रार थाप मारता मारता खरे बोलले होते. आणि एकोणीस वर्षांत सरांना या संस्थेत लेखी आदर मिळाला होता तो एकदाच, आणि तोही त्यांनी स्वतःच दिला होता.

टायपिस्टबाई जिन्याखालच्या खोलीत बसत. त्यांचे टेबल एका पायाने आखूड होते. त्या टाइप करू लागल्या की टेबलावरचा पाण्याचा पेला हळूहळू कडेकडे चालत जाई आणि दर पाच ओळींनंतर त्या न बघता त्याला परत जागेवर आणत. सर दारात घुटमळले.

"या, सर. तुमचीच वाट बघत होते." बाईंनी आवाज खाली आणला. "तो हिरवा ठिपका."

"आहे का ती प्रत?"

"ड्रॉवरमध्ये. समासात तुमचं ते 'आबव' पण आहे. मी तेव्हा विचारलं होतं, हे आबव काय, टाइप करायचं का? तुम्ही म्हणालात, नाही हो, शिक्षक आहे, आदराने लिहावं."

"म्हणालो खरा."

"मग? देऊ काढून? परवा नेऊन आपटा टेबलावर. तुम्ही कायम, विषय संपला."

सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "नाही, म्हणजे… देऊ नका. म्हणजे राहू द्या. फाडू मात्र नका हं. कागदपत्र आहे ते."

"म्हणजे नक्की काय करू?"

"तेच मला कळत नाहीये," सर म्हणाले.

पेला कडेला आला होता. सरांनी तो धरला आणि मध्यभागी ठेवला.

संध्याकाळी घरी पोचले तेव्हा बायको जुने कपाट आवरत होती. सरांनी बूट काढता काढता सगळे सांगितले. ठिपका, रजिस्ट्रार, सोळा तासिका, आबव. ती हातातली चादर तशीच धरून ऐकत राहिली.

"म्हणजे तुम्ही कायम होताय?"

"ठिपका आदराचा असेल तर."

"आणि आहे ना तो आदराचा?"

"आहे. मीच दिला."

"मग खरं तेच सांगा की! अहो, मी तुम्हाला खोटं बोला म्हणत नाहीये. नशिबाने एकदा खरं बोलण्यात आपला फायदा आहे, तर त्यातही तुम्हाला शंका?"

"पण ते आठ जण…"

"त्या आठ जणांनी आजवर तुमच्यासाठी काय केलं? खुर्ची तरी दिली का?"

"त्यांनाच नाही हो."

तिने चादर ठेवली आणि कपाटाच्या तळातून एक जाड फाईल ओढून काढली. अडतीस नेमणूक-आदेश. दर सत्राला एक. सर प्रत्येक आदेश हिरव्या पेनाने तपासून, मग फाईलला लावत. तिने मात्र ते कधी वाचले नव्हते. तारीख बघून फाईल बंद करायची, हा तिचा शिरस्ता.

"नेऊन दाखवा त्यांना. एकोणीस वर्षं…" ती पहिला कागद हातात घेऊन मोठ्याने वाचू लागली. "'तासिका-शिक्षकास कळविण्यात येते की, त्याने…'" ती थांबली. "त्याने?"

"हो."

"'त्याने आठवड्यास नऊ तासिका घ्याव्यात. सत्र संपताच त्याची सेवा…' अहो, हे तुम्हाला 'तो' म्हणतात?"

"नमुना आहे तो. सगळ्यांना तसाच."

तिने दुसरा कागद काढला. तिसरा. चष्मा शोधून चौथा. दहाव्या कागदापाशी तिचा चेहरा लाल झाला. "माझ्या आईला तुम्ही अजिबात पसंत नव्हतात. पण तिनेसुद्धा कधी तुम्हाला 'तो' म्हटलं नाही! 'त्यांना जेवायला बोलाव' म्हणायची, तोंड वाकडं करून का होईना. आणि हे? अडतीस वेळा?"

"तू चिडू नकोस."

"आणि म्हणे आदराचा ठिपका! कुणाचा आदर? यांचा?"

सर एका पायात बूट आणि एक पाय मोकळा, तसेच बसून राहिले. मग त्यांनी हळूच फाईल स्वतःकडे ओढली आणि पहिल्या कागदापासून वाचायला सुरुवात केली.

"आता काय शोधताय?"

"काही नाही," सर म्हणाले. "एखादा तरी असेल म्हणून बघतोय."

गुरुवारी अध्यक्ष आले. अध्यक्ष ऐंशीच्या घरातले, आणि सगळ्या जगाला अरेतुरे करायचा त्यांना सराव होता. टेबलाच्या एका बाजूला रजिस्ट्रार, दुसऱ्या बाजूला वेल्डिंगचे सर आणि नर्सिंगच्या बाई. मागे उरलेले तासिका-शिक्षक भिंतीला टेकून उभे. उभे राहण्याचा त्यांना सराव होताच. टायपिस्टबाई कोपऱ्यात टिपणे घ्यायला बसल्या होत्या.

"हं, मास्तर," अध्यक्ष म्हणाले. "सांग पटकन. एक की अनेक?"

सरांनी फाईल टेबलावर ठेवली. तिची एक दोरी सुटली होती, ती त्यांनी बांधली, मग आपल्याला ती सोडायचीच आहे हे आठवून पुन्हा सोडली.

"म्हणजे असं आहे," ते इतक्या हळू म्हणाले की वेल्डिंगच्या सरांनी कानामागे हात नेला. "अनुस्वार दोन्हींचा असू शकतो. एरवी क्रियापदाकडे बघितलं असतं, पण इथे 'करण्यात येईल' आहे. ते क्रियापद काही बोलत नाही."

"क्रियापदाचं जाऊ दे. तू बोल."

"साहेब," रजिस्ट्रार पुढे सरसावले, "कच्ची प्रत सरांनीच तपासली होती. तीच बघू या ना. काय होतं तुमच्या मनात, सर? बाई, ती प्रत आणा बरं."

सरांच्या कपाळावर घाम आला. टायपिस्टबाईंनी पेन्सिल खाली ठेवली.

"सापडत नाही, साहेब. काल सगळं टेबल उलथंपालथं केलं."

"सापडत नाही म्हणजे?"

"म्हणजे सापडत नाही," बाई म्हणाल्या. "माझ्या खोलीला कपाट द्या म्हणून मी चार वर्षं अर्ज करतेय. सरांनी तपासलेले अर्ज आहेत, एकही चूक नाही त्यात."

अध्यक्ष हसले. रजिस्ट्रारांनी पेपरवेट शोधला. तो या टेबलावर नव्हता.

"मास्तर, तूच सांग मग. काय होतं तुझ्या मनात?"

सरांनी एकदा कोपऱ्याकडे पाहिले, एकदा फाईलकडे. "माझ्या मनात काय होतं याला कलमात जागा नाही, साहेब," ते म्हणाले. "करार संस्थेचा आहे. शब्द संस्थेचे. तेव्हा संस्था ते शब्द कसे वापरते, ते बघायला हवं. मी बघितलं. या करारात एक्केचाळीस कलमं आहेत. 'अध्यक्षांस' सहा वेळा येतं, आदराने. 'प्राचार्यांस' अकरा वेळा. 'रजिस्ट्रारांस' चौदा वेळा."

"चौदा?" अध्यक्षांनी रजिस्ट्रारांकडे पाहिले.

"भेट देणाऱ्या पाहुण्यांसही आहे. आणि शिक्षकाने वेळेवर यावे, शिक्षकाने फळा पुसावा, शिक्षकाने खडू जपून वापरावा. हे झालं करारातलं. मग मी आदेश बघितले." त्यांनी फाईल उघडली. "हे अडतीस आहेत. नोटिसाही बघितल्या, जिन्यातल्या. 'तासिका-शिक्षकाने आपली गाडी आत लावू नये.' 'तासिका-शिक्षकास कपाट मिळणार नाही.' एकोणीस वर्षांत या संस्थेने एका तासिका-शिक्षकासाठी आदरार्थी बहुवचन वापरल्याचं मला एकही उदाहरण सापडलं नाही. मी फार शोधलं. माझी नजर चुकली असेल. कुणी दाखवलं तर मी मत बदलतो."

रजिस्ट्रारांनी फाईल ओढली आणि भराभरा कागद उलटू लागले. प्रत्येक कागदावर त्यांची स्वतःची सही होती, आणि सहीच्या वर हिरव्या शाईत एखादी वेलांटी सुधारलेली. मध्येच लावलेल्या एका नोटिशीपाशी ते थबकले. "हे बघा! 'तासिका-शिक्षकांनी सत्रअखेर चाव्या जमा कराव्यात.' शिक्षकांनी!"

"ती सगळ्यांना होती," नर्सिंगच्या बाई म्हणाल्या. "आम्ही नऊ जणांनी रांग लावून चाव्या दिल्या होत्या. तुम्हीच मोजून घेतल्यात."

"म्हणजे तिथेही नऊच," वेल्डिंगचे सर म्हणाले. आयुष्यात प्रथमच ते हळू आवाजात बोलले असावेत.

अध्यक्षांनी फाईल स्वतःपुढे घेतली. वरचा कागद वाचला, खालचा वाचला. ओठ पुढे काढून त्यांनी सरांकडे पाहिले.

"म्हणजे मास्तर, तुझं म्हणणं, आम्ही शिक्षकाला मान देत नाही?"

"नाही, नाही," सर घाबरून म्हणाले. "मी व्याकरणापुरतं बोलतोय."

"आणि अनेक ठरले, तर कलम पंधरानं तू एकटा बाहेर राहतोस. सांगितलंय ना तुला याने?"

"सांगितलंय."

भिंतीला टेकलेल्यांमध्ये हालचाल झाली. ही गोष्ट त्यांना माहीत नव्हती. वेल्डिंगच्या सरांनी सरांच्या बाहीला धरून ओढले. "अहो, काय करताय काय? आधी बोलायचं नाही का?" त्यांना वाटले आपण कुजबुजलो, ते व्हरांड्यापर्यंत ऐकू गेले.

सरांनी बाही सोडवून घेतली. "अनेकवचन आहे, साहेब," ते म्हणाले. "माझ्या मते. पण मी चुकतही असेन."

"कलम एक्केचाळीसप्रमाणे तुला चुकता येत नाही," अध्यक्ष म्हणाले आणि काठी घेऊन उठले. "लिही गं. अनेक."

घरी बायकोने सगळे नीट ऐकून घेतले.

"म्हणजे यांनी आदर दिला नाही म्हणून आठ जण आत गेले, आणि आदर दिला होता हे ज्याला माहीत, तो बाहेर."

"व्याकरणाने तसं येतं खरं."

"व्याकरण घेऊन बसा आता." तिने फाईलची दोरी बांधली, गाठ मारली, आणि कपाटाच्या तळाशी न ठेवता मधल्या कप्प्यात ठेवली. "जागा आहे अजून तिच्यात," ती म्हणाली. जेवताना तिने वाढायला काही कमी केले नाही, पण बोलली नाही. झोपायच्या आधी मात्र एकदम हसू फुटले तिला. "रजिस्ट्रारांस चौदा वेळा! खरंच मोजलंत?"

"दोनदा मोजलं. पहिल्यांदा तेरा आले होते."

सुट्टी संपून नवे सत्र सुरू झाले. शिक्षक-कक्षात आठ नव्या खुर्च्या आल्या होत्या आणि त्यांच्या पाठीवरचा पांढरा रंग अजून ओला होता. नर्सिंगच्या बाई आपल्या खुर्चीला टेकल्या आणि त्यांच्या पाठीवर उलट्या अक्षरांत त्यांचेच नाव उमटले. दिवसभर त्या तशाच हिंडत होत्या आणि कुणी सांगितले तरी साडी बदलायला तयार नव्हत्या. वेल्डिंगचे सर भांडारातून आपले स्टूल सोडवून घेऊन आले. त्याच्यावर पांढऱ्या रंगात काहीच लिहिलेले नव्हते. त्यांनी ते सरांसमोर दाणकन ठेवले. "बसा," ते म्हणाले. "आणि याला एक ठिपका हवा असेल तर स्वतः द्या."

सर बसले. मग तसेच उठले आणि जिन्याखालच्या खोलीत गेले, कारण टायपिस्टबाईंचा निरोप होता की आदेश तयार आहे.

बाई टाइप करत होत्या. पाण्याचा पेला टेबलाच्या मधोमध होता, आणि जागचा हलत नव्हता. सरांनी त्याच्याकडे जरा वेळ पाहिले. मग खाली पाहिले. टेबलाच्या आखूड पायाखाली कागदांची एक जाड घडी घट्ट बसवलेली होती. तिच्या कडेला कुठे कुठे हिरवी शाई दिसत होती.

"फाडली नाही हं," बाई न बघता म्हणाल्या. "कागदपत्र आहे ते."

त्यांनी आदेश पुढे केला. एकोणचाळिसावा. सरांनी सवयीने खिशातून हिरवे पेन काढले, टोपण दातांत धरले आणि उभ्याउभ्याच वाचायला लागले.

'भाषा विषयाच्या तासिका-शिक्षकांस कळविण्यात येते की, त्यांनी चालू सत्रात आठवड्यास नऊ तासिका घ्याव्यात. सत्र संपताच त्यांची सेवा आपोआप संपुष्टात येईल.'

सर थांबले. पुन्हा वाचले. खाली रजिस्ट्रारांची सही होती, नेहमीसारखीच, न वाचता केल्यासारखी.

"बाई," त्यांनी टोपण हातात घेऊन विचारले, "भाषेला दुसरं कुणी नेमलंय का?"

"नाही हो. तुम्ही एकटेच."

"नाही, इथे 'शिक्षकांस' आहे. म्हणून म्हटलं."

"आहे ना," बाई म्हणाल्या, आणि टाइप करत राहिल्या.

सरांनी पेनाचे टोक त्या ठिपक्याच्या अगदी जवळ नेले. वर व्हरांड्यात घंटा झाली. वर्गात तीस नवी मुले 'मा. महोदय'ची वाट बघत होती. सरांनी आणखी एकदा ती ओळ पाहिली, पेनाला टोपण लावले, आणि जिना चढू लागले. अर्ध्या जिन्यावर ते थांबले.

पण परत मात्र फिरले नाहीत.